दिवेलागणीनंतरची शाळा : पुण्यातल्या प्रौढ शिकणाऱ्यांचा इतिहास

(तंत्रज्ञानाच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्या प्रौढ विद्यार्थ्यांसमोर, वर्ग सुरू होण्याच्या आदल्या संध्याकाळी पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन.)



तुमच्यापैकी बरेचजण थेट कामावरून आला आहात. कुणी चाकणची पहिली पाळी संपवून, कुणी दुकानावर भावाला बसवून, कुणी संध्याकाळचा स्वयंपाक झाकून ठेवून. उद्यापासून तुमचा वर्ग सुरू होतो. कुणी नेटवर्किंग घेतलंय, कुणी क्लाउड, कुणी डेटा, कुणी सायबर सुरक्षा. खरं सांगायचं तर यातलं आम्हाला फारसं कळत नाही. आम्ही इतिहासाची माणसं. बोलावणं आलं तेव्हा प्रश्नच पडला, की या मंडळींना आपण काय सांगणार? ‘तुम्हाला नक्की जमेल’ हे म्हणायला इतिहास लागत नाही. ते तुमच्या घरच्यांनीही म्हटलं असेल, आणि म्हणताना मनातल्या मनात ‘बघू या किती दिवस टिकतंय’ असंही म्हटलं असेल.

मग ठरवलं, की याच शहरात मोठ्या वयात शिकायला बसलेली माणसं शोधायची. ती कुठे अडली आणि कशामुळे सुटली, एवढंच बघायचं. जे दिसलं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटच्या रांगेतल्यांना बस पकडायची असली तर निघता येईल. मोठं माणूस बुद्धी कमी पडली म्हणून शिक्षणातून बाहेर पडलं, असं या इतिहासात फार थोड्या ठिकाणी दिसतं. माणसाला अडवलं ते चार गोष्टींनी: दारावरचा नियम, वेळ, लाज आणि भाषा. जिथे कुणीतरी या चार गोष्टींची सोय लावली, तिथे माणसं शिकली. आज आपण या चार गोष्टी एकेक करून बघणार आहोत.

एका वर्षाच्या अंतरानं उघडलेली दोन दारं

सुरुवात १८५४ पासून करू. त्या वर्षी पुण्यात ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ सुरू झालं. आज संगमाजवळ जे तंत्रज्ञान विद्यापीठ उभं आहे, ज्याला आपण सीओईपी म्हणतो, त्याचं हे मूळ. हेतू अगदी रोकडा होता. सरकारला रस्ते, पूल, इमारती, कालवे, रेल्वे बांधायची होती आणि त्या कामांवर देखरेख करायला हाताखालची शिकलेली माणसं हवी होती. म्हणजे बघा, या शहरातलं तंत्रशिक्षण पहिल्यापासून नोकरीशी बांधलेलं आहे. ‘हल्ली शिक्षण नोकरीपुरतं झालंय’ अशी तक्रार आपण ऐकतो. तंत्रशिक्षणापुरतं बोलायचं तर ते जन्मलंच नोकरीसाठी, आणि त्यात कमीपणा काही नाही.

पुढच्याच वर्षी, १८५५ मध्ये, याच शहरात दुसरं दार उघडलं. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आपल्या घरी शेतकरी आणि कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा सुरू केली. १८४८ ची भिडे वाड्यातली मुलींची शाळा सगळ्यांना माहीत असते. ही रात्रीची शाळा मात्र पुष्कळदा एका ओळीत उरकली जाते. खरं तर आज या सभागृहात बसलेल्यांची ती सरळ पूर्वज आहे. दिवसभर राबून आलेलं, हाताला घट्टे पडलेलं माणूस दिवेलागणीनंतर पाटी घेऊन बसतं, ही गोष्ट त्या काळी किती वेगळी वाटली असेल याचा विचार करा.

आता ही दोन दारं शेजारी शेजारी ठेवून बघा. पहिल्या दारातून आत गेलेल्याच्या हाती पद होतं, पगार होता, सरकारी कागद होता. दुसऱ्या दारातून आत गेलेल्याला अक्षर मिळालं, हिशेब कळू लागला, सावकाराच्या वहीत आपल्या नावावर काय लिहिलंय ते वाचायची शक्यता निर्माण झाली. पण कागद मिळाला नाही. इतिहासाच्या पुस्तकांत हे विद्यार्थी ‘शेतकरी आणि कामकरी’ एवढ्याच नावानं उरले. ज्ञान एका बाजूला आणि त्याची पावती दुसऱ्या बाजूला, ही फट पुढे शंभर-सव्वाशे वर्षं बुजली नाही. तुम्ही उद्या ज्या वर्गात बसणार आहात, तो ही फट बुजवण्याच्या लांबलचक खटपटीचाच एक भाग आहे.

जोतीराव स्वतःसुद्धा मध्येच शाळा सुटलेले विद्यार्थी होते, बरं का. लहानपणी त्यांचं नाव शाळेतून काढलं गेलं आणि ते शेतातल्या कामाला लागले. गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोन शेजाऱ्यांनी वडिलांना, गोविंदरावांना, समजावलं, तेव्हा १८४१ च्या सुमारास ते पुन्हा शाळेत गेले. मध्ये काही वर्षं गेली होती. शिक्षणात पडलेला खंड म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. तुमच्या अर्जावर ‘शिक्षणातील खंड’ असा रकाना असेल आणि तो भरताना हात थबकला असेल, तर एवढं लक्षात ठेवा.

नियम

दारावरच्या नियमाची गोष्ट धोंडो केशव कर्व्यांची सांगतो. कोकणातल्या मुरूडचा हा मुलगा. सहावीच्या सरकारी परीक्षेला बसायचं म्हणून घाट ओलांडून, शंभरावर मैल पायी चालत साताऱ्याला गेला. परीक्षेला बसायला सतरा वर्षं पूर्ण असावी लागत. समितीसमोर उभा राहिला, तर साहेबांनी बघितलं आणि ठरवलं की हा काही सतराचा दिसत नाही. परत पाठवला. वय पुरेसं होतं, चण लहान होती एवढंच.

पुढे त्यांनी ती परीक्षा दिली. मॅट्रिक झाले ते १८८१ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी. आज दहावीला पंधरा-सोळा वर्षांची मुलं बसतात. कर्वे त्यांच्याहून सात-आठ वर्षांनी थोर. त्यानंतर तीन वर्षांत बी.ए., मग फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक, १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ, १९५८ मध्ये, म्हणजे शंभराव्या वर्षी, भारतरत्न. उशिरा सुरुवात झालेल्या माणसाचा हा प्रवास आहे.

पण आम्ही ही गोष्ट यशासाठी सांगत नाही. तिच्यातला विनोद बघा. कर्व्यांना ‘तू लहान दिसतोस’ म्हणून परत पाठवलं. तुमच्यापैकी कुणाला ‘आता तुमचं वय झालं’ म्हणून कुणी थांबवलं असेल. वय हे दारावरच्या माणसाला हवं तेव्हा हवं तसं वापरता येतं. ते मोजायला सोपं असतं म्हणून पुढे केलं जातं. शिकण्याची तयारी मोजणं अवघड, त्यामुळे तिच्याबद्दल कुणी विचारत नाही.

दार मोठं करण्याचं कामही महाराष्ट्रात झालं. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालं. बारावी नसलेल्या माणसालाही पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करून पदवीकडे जाण्याची वाट तिथे ठेवली गेली. पुण्यातल्या किती रिक्षाचालकांनी, पोलिसांनी, गृहिणींनी त्या वाटेनं पदवी घेतली हे तुम्ही आपापल्या गल्लीत विचारून बघा. निदान एक नाव तरी निघेल.

वेळ

दुसरी गोष्ट वेळ. लंडनमध्ये १८२३ साली जॉर्ज बर्कबेक आणि त्यांच्या सोबत्यांनी कारागिरांसाठी एक संस्था काढली, ‘मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट’. दिवसा काम करणाऱ्यांना शिकवायचं तर संध्याकाळीच शिकवायला हवं, हे तिचं साधं गणित. ती संस्था आज लंडन विद्यापीठाचा भाग आहे आणि संध्याकाळचे वर्ग ही तिची ओळख आहे. १८५४ मध्ये, म्हणजे आपल्या इंजिनिअरिंग क्लासच्याच वर्षी, लंडनमध्ये कामगारांसाठी ‘वर्किंग मेन्स कॉलेज’ निघालं. त्यामुळे १८५५ ची पुण्यातली रात्रीची शाळा जगाच्या मागे नव्हती. जग जे करू बघत होतं, तेच ती करत होती. फरक इतकाच, की तिकडे पाठीशी संस्था होती आणि इकडे एक नवरा-बायको आणि त्यांचं घर.

पुण्यात वेळेची सोय पुढे सर्वांत चोख कुणी लावली असेल, तर ती टायपिंगच्या क्लासवाल्यांनी. हसू नका. आमच्या पिढीतल्या लोकांना आठवेल, पेठांमध्ये गल्लोगल्ली पाटी दिसायची: ‘मराठी व इंग्रजी टायपिंग, शॉर्टहँड’. सकाळी लवकर पहिली बॅच, रात्री उशिरा शेवटची. तासाच्या हिशेबानं यंत्र मिळायचं. कॉलेजची मुलगी, कापड दुकानातला नोकर आणि बढतीसाठी धडपडणारा शिपाई एकाच बाकड्यावर. सगळ्यांची बोटं तेच धडे गिरवायची, आणि खाली रस्त्यावर जाणाऱ्याला वर पाऊस पडतोय असं वाटायचं. परीक्षा शासनाची. मराठी तीस शब्द मिनिटाला, इंग्रजी चाळीस. लिपिक-टंकलेखकाच्या सरकारी नोकरीसाठी तो कागद लागायचा, आजही लागतो. ती परीक्षा घेणारी महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदही पुण्यातलीच.

आमच्या मते हे आपल्याकडचं पहिलं सर्वसामान्यांचं तंत्रज्ञान प्रमाणपत्र. एक यंत्र, ते चालवायचं ठरावीक कौशल्य, मोजता येईल अशी कसोटी आणि शेवटी कागद. पदवी विचारली जायची नाही, आडनाव विचारलं जायचं नाही. मिनिटाला तीस शब्द पडले की झालं. १८५४ चं दार आणि १८५५ चं दार यांच्यातली फट टायपिंगच्या क्लासनं थोडीशी बुजवली, असं आम्ही म्हणू. कामावरून आल्यावर, रात्रीच्या वेळी, आणि तरीही पावतीसकट शिक्षण.

यातून तुम्ही काय घ्यायचं? एक तास. टायपिंगवाल्यांना आठवड्यातून एकदा सहा तास बसून कधी वेग आला नाही. रोजच्या एका तासानं आला. हाताला लागणारी सवय आणि डोक्याला लागणारी सवय यांत फार फरक नाही. रविवारी सगळा अभ्यास उरकू असं ठरवाल, तर रविवारी पाहुणे येतील. हा इतिहास नाही, पण अनुभव तुमचाही तोच असेल.

लाज

तिसरी गोष्ट लाज. हिच्याबद्दल मोकळेपणानं कुणी बोलत नाही, म्हणून आपण बोलू.

सावित्रीबाईंचं लग्न १८४० मध्ये झालं. अक्षरओळख लग्नानंतर झाली. पुढे शिक्षिका म्हणून बाहेर पडल्यावर अंगावर शेण आणि दगड झेलावे लागले, हे प्रत्येक मराठी मुलाला शाळेत सांगितलं जातं. पण शिकणाऱ्या मोठ्या बाईला बाहेरच्या दगडांइतकाच घरातल्या कुजबुजीचा त्रास असतो. तो रमाबाई रानड्यांनी लिहून ठेवला. १८७३ मध्ये, अकराव्या वर्षी त्या न्यायमूर्ती रानड्यांच्या घरात आल्या. न्यायमूर्तींनी त्यांना शिकवायला सुरुवात केली. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते मुळीच रुचलं नाही. बोलणी, टोमणे, अबोला, सगळं झालं. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात ते सगळं आलंय. शिकवायला घरचाच माणूस होता, तो उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होईल एवढा मोठा होता, आणि तरी शिकणारीला दिवसभर त्या घरात एकटीनं वावरावं लागलं.

याच रमाबाईंनी १९०९ मध्ये रानडे वाड्यात पुणे सेवासदन सुरू केलं. मोठ्या वयाच्या, लग्न झालेल्या, विधवा झालेल्या बायकांना तिथे शिकता यायचं. पुढे ससून रुग्णालयाच्या मदतीनं परिचारिकेच्या प्रशिक्षणाची वाट निघाली. सुशिक्षित हिंदू घरांत त्या कामाला कमीपणा मानत असत. त्या काळात एखाद्या बाईनं हातात थर्मामीटर धरून रात्रपाळी करणं म्हणजे काय धाडस होतं, याची आज कल्पना येत नाही. ते त्यांच्या पिढीचं नवं तंत्रच होतं: नाडी, ताप, जंतू, निर्जंतुक पट्टी. आणि त्याचंही प्रमाणपत्र होतं.

रमाबाईंनी केलेली खरी गोष्ट कोणती? घरात एकट्या पडलेल्या शिकणाऱ्यांना त्यांनी एकत्र बसवलं. एकटीला जी लाज वाटते, ती वीसजणी एकत्र बसल्या की वाटत नाही. सगळ्याच चुकत असल्या की चुकणं हा वर्गाचा धर्म होतो.

म्हणून आमची एक विनंती. उद्या वर्गात तुमच्या शेजारी तुमच्या मुलाच्या वयाचा मुलगा बसला असेल. त्याची बोटं कीबोर्डवर भराभर फिरतील. तुम्हाला पासवर्ड टाकायला तीन वेळा लागेल. तेव्हा त्याला विचारा. ‘बाळा, हे कसं केलंस?’ एवढंच. तो सांगेल. आणि दोन महिन्यांनी ग्राहकाशी कसं बोलायचं, साहेबाला पत्र कसं लिहायचं, मशीन बंद पडल्यावर आधी कुठे बघायचं हे तो तुम्हाला विचारेल. मोठ्या वयाच्या विद्यार्थ्याकडे वेग थोडा कमी असतो, पण खुंट्या पुष्कळ असतात. नवं ज्ञान टांगायला खुंटी लागते. ती तुमच्याकडे आधीपासून आहे.

भाषा

चौथी गोष्ट भाषा. ही गोष्ट दोन बहिणींची आहे.

थोरली गोदूबाई. लहानपणीच विधवा झालेली. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, तिथे ती पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक. वय चोविसाच्या आसपास. शारदा सदन पुढे पुण्याला आलं. १८९३ मध्ये तिचा कर्व्यांशी पुनर्विवाह झाला आणि ती बाया कर्वे झाली. धाकटी पार्वतीबाई आठवले. तीही तरुणपणी विधवा झालेली, पदरी एक मुलगा. ती पुण्यात आली आणि कर्व्यांच्या घरी शिकायला बसली. मग हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव फिरून वर्गणी गोळा करू लागली. फिरताना तिला एक गोष्ट टोचत राहिली: इंग्रजी येत नाही. इंग्रजी नसल्यामुळे काही दारं उघडतच नाहीत.

१९१८ मध्ये, पंचेचाळिशी उलटून गेलेली ही बाई एकटी अमेरिकेला गेली. तिथे लोकांच्या घरी कामं केली, पोटापाण्याचं बघितलं, भाषेशी झुंजली आणि १९२० मध्ये परत आली. ‘माझी कहाणी’ या नावानं तिनं सगळं लिहून ठेवलं. पुस्तक मराठीत आहे, हे महत्त्वाचं. इंग्रजीसाठी अर्धं जग पालथं घातलेल्या बाईनं स्वतःची गोष्ट सांगायला मराठीच वापरली.

त्याच सुमारास तिचे मेहुणे, कर्वे, १९१६ च्या महिला विद्यापीठात वेगळा प्रयोग करत होते. शिक्षण मातृभाषेतून, आणि इंग्रजी एक विषय म्हणून सक्तीचा. म्हणजे विषय आपल्या भाषेत समजून घ्या आणि इंग्रजीही शिका. एकापायी दुसरं सोडू नका.

तुमच्या अभ्यासक्रमाची परीक्षा बहुधा इंग्रजीत असेल. पडद्यावरचे शब्दही इंग्रजी. तिथे अडलात, तर विषय कळला नाही असा निष्कर्ष काढायची घाई करू नका. पुष्कळदा विषय कळलेला असतो, वाक्य कळलेलं नसतं. शिकलेली गोष्ट रात्री घरी मराठीत कुणाला तरी सांगून बघा. बायकोला, नवऱ्याला, सासूबाईंना. ‘सर्व्हर म्हणजे काय हो?’ असं आजीनं विचारलं आणि तिला कळेल असं उत्तर देता आलं, तर तो धडा तुमचा झाला. मग त्याचं इंग्रजी नाव पाठ करायला पाच मिनिटं लागतात.

भाषेचा हा प्रश्न संगणकातही सोडवावा लागला, आणि त्यातही पुण्याचा वाटा आहे. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झालं. १९९१ चा ‘परम’ महासंगणक सगळ्यांना माहीत असतो. त्याच संस्थेत भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं ‘जिस्ट’ तंत्र पुढे वाढलं. त्याची सुरुवात कानपूरच्या आयआयटीत झाली होती. आज तुम्ही मोबाइलवर मराठीत ‘निघालो, पोचतो’ एवढं लिहिता, त्यामागे अशा अनेक माणसांचे कष्ट आहेत. गंमत म्हणजे जुन्या टाइपरायटरची रेमिंग्टन मांडणीही संगणकाच्या कीबोर्डवर टिकून राहिली. ज्यांच्या बोटांनी वीस वर्षांपूर्वी ती शिकून घेतली होती, त्यांना पुन्हा पहिलीत बसावं लागलं नाही. यंत्र बदललं तरी हातातलं सगळं वाया जात नाही.

कागदाचं खरं मोल

आता जरा कडू बोलतो. तुम्ही सगळे इथे हौसेनं आलेला नाहीत. काहीजण भीतीनं आला आहात. कंपनीत नवी प्रणाली येतेय, नोकरी राहील का? ही भीती मूर्खपणाची नाही. १९८० च्या दशकात बँकांत संगणक येऊ लागले तेव्हा कर्मचाऱ्यांना हीच भीती होती. १९८३ मध्ये बँकांचं व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाबद्दल करार झाला. कुठे किती यंत्रं यावीत हे वाटाघाटी करून ठरवलं गेलं. त्या करारानं माणसांना वेळ मिळवून दिला. पुढे ज्यांची निम्मी नोकरी लेजरच्या जाडजूड वह्यांत गेली होती, ते बाबूराव आणि कुलकर्णीबाई पंचेचाळिशी-पन्नाशीत पडद्यासमोर बसले. कुरकुरत बसले, पण शिकले. पुण्यातल्या कुठल्याही निवृत्त बँक कर्मचाऱ्याला विचारा, चहा संपेपर्यंत तो हीच गोष्ट सांगेल.

मग २००१ मध्ये पुण्यात महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झालं आणि एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम आला. शिकण्याचं साहित्य मराठीतही, केंद्रं तालुक्यातालुक्यांत, बॅच सकाळ-संध्याकाळ, परीक्षा तंत्रशिक्षण मंडळाची. सरकारी कर्मचाऱ्यांना संगणक अर्हता सक्तीची झाल्यावर शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, कारकून सगळे रांगेत आले. आजवर एक कोटीहून अधिक लोकांनी हा अभ्यासक्रम केला आहे. नियम, वेळ, लाज आणि भाषा, या चारही गोष्टींची एकदम सोय लावण्याचा एवढा मोठा प्रयत्न महाराष्ट्रात त्याआधी झाला नव्हता. गावातले गुरुजी आणि त्यांचाच माजी विद्यार्थी एका बॅचला बसले की लाजेचं काय उरतं?

पण सक्तीची दुसरी बाजूही आपण पाहिलेली आहे. कागदापुरतं शिकून माऊसला पुन्हा हात न लावणारेही झाले. प्रमाणपत्र फायलीत आणि संगणकावरचं काम शेजारच्या टेबलावरच्या पोराकडे. त्यांचं काय चुकलं? त्यांनी दाराची पावती घेतली आणि दारातूनच परत गेले.

तुमच्या क्षेत्रात तर ते चालणारच नाही. टायपिंगचं प्रमाणपत्र जन्मभर पुरायचं. आजची कंपन्यांची प्रमाणपत्रं बहुधा दोन-तीन वर्षांत जुनी होतात, पुन्हा परीक्षा द्यावी लागते. ऐकून काहींचा धीर सुटेल. आम्हाला मात्र त्यात एक दिलासा दिसतो. ज्या क्षेत्रात दर तीन वर्षांनी सगळ्यांनाच नव्यानं शिकावं लागतं, तिथे ‘उशीर झाला’ या शब्दांना फारसा अर्थ राहत नाही. पंचविशीतला मुलगाही तीन वर्षांनी पुन्हा तुमच्याच रांगेत उभा असणार आहे. तेव्हा शिकायची सवय कुणाला आहे, हे महत्त्वाचं ठरेल.

नोकरीची हमी आम्ही देत नाही. इतिहासात अशी हमी कुणाला मिळालेली दिसत नाही. कागद दार ठोठावतो. पुढचं बोलणं तुम्हालाच करावं लागतं.

डावा हात

शेवट जिथून सुरुवात केली तिथे करतो.

१८५५ ची रात्रीची शाळा चालवणारे जोतीराव पुढे कंत्राटदारही होते. खडकवासला धरणाच्या बांधकामाला त्यांनी साहित्य पुरवलं. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिलं तेव्हा प्राथमिक शिक्षणात मोडी, बालबोध आणि हिशेबाबरोबर शेतीचं आणि आरोग्याचं ज्ञानही हवं, असं त्यांनी मांडलं. शिकलेलं हाताला उपयोगी पडलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

१८८८ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली. वय एकसष्ट. लिहिणारा हातच गेला. तेव्हा त्यांनी डाव्या हातानं लिहायला शिकून घेतलं. साठी उलटलेला माणूस, आयुष्यभर लिहीत आलेला, पुन्हा अक्षरं काढायला बसला. ती पहिली अक्षरं कशी वाकडीतिकडी आली असतील! त्याच डाव्या हातानं त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहून पुरं केलं. १८९० मध्ये ते गेले आणि १८९१ मध्ये ते पुस्तक छापून आलं.

रात्रीच्या शाळेत त्यांनी ज्या शेतकऱ्यांचे जाड हात धरून अक्षरं गिरवून घेतली असतील, त्यांच्या जागी शेवटी ते स्वतः जाऊन बसले. शिकवणारा पुन्हा विद्यार्थी झाला. त्यांना प्रमाणपत्र द्यायला कुणी नव्हतं, आणि कुणी मागितलंही नाही.

उद्या पहिल्या तासाला तुमची बोटं अडखळतील. अडखळू द्या. वेळेवर या, शेजाऱ्याला विचारा, रात्री घरी मराठीत सांगून बघा, आणि रोजचा एक तास सोडू नका. या शहरात दिवेलागणीनंतर शिकायला बसलेल्या माणसांची रांग पावणेदोनशे वर्षांची होत आली आहे. उद्या त्या रांगेत तुमची भर पडेल.

आता वेळ संपत आली. स्वारगेटला जाणाऱ्यांनी घाई करा. बाकीच्यांसाठी बाहेर चहा आहे, प्रश्न तिथेच घेऊ.